फ्रिजच्या खोलीत भाभी, बाहेर मी

सरकारी दवाखान्यात दोन गोष्टी आपोआप साचतात. रिकामी खोकी आणि किस्से. खोकी दिवाळीच्या आधी भंगारवाला घेऊन जातो. किस्से कुणी नेत नाही. ते आपल्याबरोबर निवृत्त होतात आणि मग आपण ते लग्नाच्या पंगतीत, एसटीत, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत, जो सापडेल त्याला ऐकवत राहतो. आज तुम्ही सापडलात.

मी शिरूर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात हेल्थ व्हिजिटर होते. म्हणजे गावोगावच्या नर्सेसवर देखरेख करणारी. सगळे मला 'बाई' म्हणायचे. केंद्राच्या गावाचं नाव सांगत नाही, कारण या किश्शांत माझं वागणं काही फार बरं नाही आणि तिथं अजून मला हाक मारून चहा पाजणारी चार घरं आहेत. काळ मोबाइल यायच्या आधीचा. दवाखान्यात एक फोन होता आणि तोही पाऊस पडला की बंद.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते. हे सगळे किस्से एका बाईचे आहेत आणि त्या बाईवर मी अकरा वर्षं जळत होते. नाव शकीला. राहायला शिरूरला, रोज एसटीनं यायच्या. दवाखान्यात परिचर होत्या, म्हणजे झाडणं-पुसणं, सुया उकळणं, कापसाचे बोळे वळणं ही त्यांची कामं. शिक्षण सातवी. सगळे त्यांना भाभी म्हणायचे, मीसुद्धा. माझं शिक्षण जास्त, पद वरचं, अनुभव जास्त, अक्षरसुद्धा चांगलं. आणि तरी आमच्या स्टाफमध्ये कुणाला रडायचं झालं की तो उठून भाभींकडे जायचा.

आता यावर माणसानं जळू नये तर काय करावं?

* * *

सुरुवात माझ्या सर्टिफिकेटपासून करते. त्याशिवाय माझ्या जळण्यातला न्याय तुम्हाला कळणार नाही.

एका वर्षी पुण्याला आमचं तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं. विषय, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मनावरचा ताण. दिवसभर रक्त, मरण आणि रडारड बघणाऱ्या माणसांनाही कुठंतरी मोकळं व्हायला पाहिजे, असं शिकवणाऱ्या मॅडमचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटलं. समोरासमोर बसायचं नाही, दोन खुर्च्या जरा तिरप्या ठेवायच्या. समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. 'तुम्हाला कसं वाटत असेल ते मी समजू शकते' हे वाक्य हळू आवाजात म्हणायचं. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. तिसऱ्या दिवशी सर्टिफिकेट, प्लॅस्टिकचं फोल्डर आणि बटाटेवडा मिळाला.

परत आल्या आल्या मी माझ्या खोलीबाहेर पुठ्ठ्याची पाटी लावली. 'दर बुधवारी ३ ते ४. कर्मचाऱ्यांनी येऊन मन मोकळे करावे.' दोन खुर्च्या तिरप्या ठेवल्या. डोळे पुसायला गॉजच्या घड्या ठेवल्या.

पहिल्या बुधवारी कुणी आलं नाही. दुसऱ्या बुधवारी एक जण आला, तो एक खुर्ची मागायला. म्हणाला, "बाई, तुमच्याकडं दोन दोन हायत."

मी डॉक्टरांकडे तक्रार केली. आमचे डॉक्टर विदर्भातले, पहिलीच नेमणूक, कुणाला नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही. त्यांनी सूचना काढली की सर्वांनी बुधवारी बाईंकडे मन मोकळे करून सही करावी. झालं. तीन वाजता माझ्या दारात रांग. सगळ्यात पुढे जीपचा ड्रायव्हर बबन.

"बोल बबन, मोकळेपणानं बोल."

"मनात काय न्हाई बाई. सही कुठं करू?"

मी म्हटलं, असं चालणार नाही, मनात काहीतरी असतंच माणसाच्या. बबननं डोकं खाजवलं आणि जीपच्या क्लचप्लेटबद्दल बोलायला लागला. चाळीस मिनिटं बोलला. मध्ये तोंड घालायचं नाही असं शिकवलेलं, म्हणून मी नुसती मान हलवत होते. तो थांबल्यावर मी हळू आवाजात म्हणाले, "तुला कसं वाटत असेल ते मी समजू शकते."

"मग सायबास्नी तेवढं सांगा की," बबन म्हणाला. "तीन म्हयनं झालं अर्ज दिलाय."

* * *

मग माणसं रडायची कुठं? तर लसीच्या फ्रिजच्या खोलीत.

ती खोली दवाखान्याच्या टोकाला होती. लसी ठेवायचा मोठा फ्रिज, एक स्टॅबिलायझर आणि एक सतरंजी, एवढंच सामान. खोलीत पंखा नव्हता, आणि पंख्याखाली कापूस उडतो म्हणून भाभी बोळे वळायला तिथंच बसायच्या. फ्रिज दिवसभर घुरघुरायचा, त्यामुळे आतलं बाहेर काही ऐकू यायचं नाही. रडायला याहून सोयीची जागा सरकारनं मुद्दाम बांधली असती तरी जमली नसती.

पण नोकरदार माणूस 'मी रडून येतो' असं सांगून कसा जाणार? त्यावरही तोड निघाली. फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा बघून तक्त्यावर लिहायचं असतं, दोन ते आठ अंशांच्या मध्ये असावं लागतं. तेव्हा ज्याला आत जायचं तो म्हणायचा, "जरा तापमान बघून येतो." आणि आत गेल्यावर खोटं ठरू नये म्हणून तापमान बघून तक्त्यावर लिहायचासुद्धा. आमची माणसं तशी प्रामाणिक.

एकदा पुण्याहून साहेब तपासणीला आले. तक्ता हातात घेतला आणि बघतच राहिले. कुठल्या दिवशी पाच नोंदी, कुठल्या दिवशी सहा. एका दिवशी तर अकरा. आदल्या दिवशी ऊसतोडीच्या माणसांची ट्रॉली उलटली होती, चार प्रेतं आमच्याच व्हरांड्यात ठेवली होती. ते साहेबांना कोण सांगणार?

"या दिवशी अकरा वेळा का बघितलं?" साहेबांनी विचारलं.

बबन पुढे झाला. "सायेब, त्या दिवशी तापमान लय खालीवर हुत हुतं."

"पण इथं तर अकराही वेळा चारच अंश लिहिलंय."

"बघत हुतो म्हनूनच चारवर ऱ्हायलं, सायेब."

साहेबांनी शेरा दिला की शीतसाखळीची इतकी काळजी घेणारं दुसरं केंद्र पाहिलं नाही. खोलीची जबाबदारी कुणाकडे, असं विचारलं. सगळ्यांनी भाभींकडे बोट दाखवलं. साहेबांनी नमस्कार केला त्यांना. कागदोपत्री जबाबदारी माझी होती, पण माझ्याकडे बघायला वेळ कुणाला होता?

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. ते शाळामास्तर, वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "म्हणजे लोकांनी रडावं अशी तुझी इच्छा आहे का?"

मी म्हटलं, "रडावं. पण माझ्यापाशी."

* * *

डॉक्टरांचा किस्सा तर माझ्या वर्मी लागलेला आहे.

एका दुपारी नाग चावलेला नऊ वर्षांचा मुलगा आणला. डॉक्टरांनी जेवढं करता येतं तेवढं सगळं केलं, गुडघ्यावर बसून अर्धा तास त्याला श्वास दिला. पोरगा गेला. आईबापांना सांगून, कागद करून डॉक्टर बाहेर आले, ते उघडं पेन तसंच हातात धरून. सव्वीस वर्षांचं पोर ते, स्वतःच्या हातांत कुणी जीव सोडताना पहिल्यांदाच बघत असेल.

मी तयारच होते. ग्लासभर पाणी घेऊन गेले. त्यांना माझ्या खोलीत आणलं, तिरप्या खुर्चीवर बसवलं. म्हटलं, "डॉक्टर, तुम्हाला काय वाटतंय ते शब्दांत मांडा."

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला. मग उठले. म्हणाले, "मॅडम, मी जरा तापमान बघून येतो."

दीड तासानं ते बाहेर आले. डोळे सुजलेले, केसांत कापूस. चहा मागितला आणि पुढचे पेशंट बघायला बसले.

माझ्यानं राहवलं नाही. संध्याकाळी भाभींना गाठलं. मी आधी आडून विचारलं, मग सरळच विचारलं की तुम्ही त्यांना नेमकं सांगितलंत तरी काय.

भाभींनी आठवून बघितलं. "मी कुठं काय सांगितलं बाई? त्यास्नी कापूस दिला वळायला. एकदा म्हनलं, बोळा जरा घट वळा, सुटाया लागलाय."

"आणि?"

"मग त्यांनी घट वळला."

तीन दिवसांचं ट्रेनिंग, राहण्या-जेवणासकट. आणि इथं एका बोळ्यावर काम झालं होतं. त्या रात्री मी सर्टिफिकेट भिंतीवरून काढलं, आणि सकाळी लोक विचारतील म्हणून परत लावलं.

* * *

मग मी विचार केला, कापसाचीच जादू असेल तर कापूस माझ्याकडेही आहे. स्टोअरमधून एक बंडल काढलं आणि बुधवारी तीन वाजता खोलीतला पंखा बंद करून बोळे वळत बसले. कांबळे सिस्टरला बोलावलं. आमच्याच केंद्रातली नर्स, कामाला वाघ. दोन वर्षांपूर्वी तिचं सात महिन्यांचं बाळ पोटातच गेलं होतं. दीड महिन्यानं कामावर आली आणि पहिल्याच आठवड्यात तिला दुसऱ्या बाईचं बाळंतपण करावं लागलं. त्या काळात ती फ्रिजच्या खोलीत रोज जायची. माझ्याकडे एकदाही नाही.

तिच्यापुढे कापूस सरकवला. ती वळायला लागली. इतके सुरेख, सारखे बोळे मी आयुष्यात बघितले नाहीत. पाऊण तास झाला, बोळ्यांचा ढीग झाला, आणि तिच्या तोंडून शब्द नाही.

शेवटी मीच म्हटलं, "कांबळे, तू भाभींपाशी बोलतेस, मग माझ्यापाशी का नाही बोलत? मी काय परकी आहे का?"

तिनं हातातला बोळा ढिगावर ठेवला. मग म्हणाली, "राग मानू नका बाई. तुमच्यापाशी बोललं की गोपनीय अहवालात जाईल असं वाटतं."

नर्सेसच्या गोपनीय अहवालात माझा शेरा जायचा, हे खरं. पण म्हणून एवढा अविश्वास? मी दुखावून म्हटलं, "मी तुझं दुःख अहवालात लिहीन असं वाटतं तुला?"

"त्या साली लिहिलं होतं की," ती म्हणाली. "भावनाप्रधान, कामात लक्ष नाही."

तिनं उरलेला कापूस नीट गुंडाळून ठेवला आणि ती गेली. मी पंखा लावला आणि सगळे बोळे उडून खोलीभर झाले. एकेक उचलत बसले, दुसरं काय करणार.

* * *

यापुढचा किस्सा सांगताना खरं म्हणजे लाज वाटायला पाहिजे.

मी भाभींना तिथून हलवायचं ठरवलं. कारण तयारच होतं. निमोण्याच्या उपकेंद्रात मदतीला माणूस नव्हतं. मी डॉक्टरांना पटवून दिलं की मंगळवार ते शुक्रवार भाभी निमोण्यात असाव्यात. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे सही केली. भाभी पिशवी उचलून निमोण्याला गेल्या.

फ्रिजची खोली ओस पडली. तक्त्यावर दिवसाला दोनच नोंदी यायला लागल्या. मी बुधवारी खुर्च्या पुसून बसले. म्हटलं, आता जातील कुठं?

ते निमोण्याला गेले. लसीकरणाचा दौरा असला की हात वर करणारे सगळे निमोण्याचेच. ज्या कांबळेला मी दोन वर्षं दौऱ्यावर पाठवायला बघत होते, ती म्हणाली, "बाई, निमोण्याची घरभेट मी करते." बबन जीप घेऊन कुठंही निघाला तरी वाट निमोण्यावरूनच जायची. डॉक्टरांनी स्वतः आठवड्यातून एक ओपीडी तिथं सुरू केली. एवढी माणसं तिथं गेली आणि नुसती रडत थोडीच बसणार? कामही झालं. एकेक मूल शोधून लस दिली, एकेक गरोदर बाई तपासली. वर्षाअखेरीला तालुक्यातलं उत्तम उपकेंद्र म्हणून निमोण्याचं नाव निघालं.

आणि सत्कार कुणाचा? देखरेख करणारीचा. म्हणजे माझा. पंचायत समितीच्या हॉलमध्ये शाल, श्रीफळ, फोटो. अध्यक्ष भाषणात म्हणाले, "योग्य माणूस योग्य जागी नेमायला नजर लागते. ती या बाईंकडे आहे."

मी मान खाली घालून हसले. समोर तिसऱ्या रांगेत भाभी बसल्या होत्या. हॉलमध्ये सगळ्यात मोठ्यानं टाळ्या त्यांनीच वाजवल्या, अगदी मनापासून. मला त्या टाळ्यांचाच जास्त राग आला. पुढच्या सोमवारी मी त्यांना परत बोलावून घेतलं.

* * *

आता हा किस्सा म्हणावा की नाही मला माहीत नाही. पण तो सोडला तर पुढचं तुम्हाला समजणार नाही.

मांडवगण फराट्याच्या बाजूच्या एका वस्तीवर बाळंतीण अडली होती. मी योगायोगानं तिकडेच दौऱ्यावर होते. मूल झालं, मुलगी, चांगली रडली. पण आईचं रक्त थांबेना. मुलीला सासूजवळ ठेवून मी त्या बाईला जीपमध्ये घातलं आणि बबनला म्हटलं, दौंड गाठ. मी मागे तिच्याजवळ बसले. पोट दाबून धरलं होतं, हात भरून आले तरी सोडलं नाही.

ती शुद्धीवर होती. सारखं एकच विचारत होती. "बाई, पोरीला दूध पाजलं का कुनी?"

मी म्हटलं, "हो, पाजलं."

मला काय माहीत पाजलं की नाही? मी तर तिच्याबरोबर जीपमध्ये होते. ती परत विचारायची, मी परत हो म्हणायचे. दौंडची पहिली घरं दिसायला लागली तेव्हा तिनं विचारायचं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आल्या आल्या बबन तापमान बघायला गेला. थोड्या वेळानं डॉक्टर गेले. मी दुपारपर्यंत रजिस्टरं तपासत बसले. एकही आकडा डोळ्यांत शिरत नव्हता. शेवटी उठले आणि त्या खोलीशी गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. कडीला हात लावला आणि तेवढ्यात लाइट गेली. फ्रिज बंद पडला. आतलं स्पष्ट ऐकू यायला लागलं.

बबन परत आत जाऊन बसला होता. भाभींना सांगत होता, "बाळंतीण गेली तरी बाईंनी डोळ्यातनं टिपूस काढलं न्हाई, भाभी. हात धुतलं आन् म्हनल्या, चल, गाडी काढ. लय कठीन काळजाची बाई."

यावर भाभी काय म्हणाल्या ते ऐकायला मी थांबले नाही. खोलीत परत आले. त्या दिवशी बुधवार होता, तीन वाजून गेले होते. आधी एका तिरप्या खुर्चीवर बसले. मग उठून दुसरीवर बसले. चारला उठले आणि एसटी पकडली.

ती दुधाची गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. सांगायची तर भाभींनाच सांगावी असं मनातून वाटायचं, आणि वाटलं की तळपायाची आग मस्तकात जायची.

* * *

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी भाभींचे मिस्टर गेले. शिरूरला त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. मशीनवर बसल्या बसल्या छातीत कळ आली.

तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे जीपनं भेटायला गेलो. खरं सांगते, वाटेत माझ्या मनात दुःख होतं, पण नुसतं दुःख नव्हतं. मला वाटत होतं की आज या बाईला कुणीतरी लागणार. जी सगळ्यांचं ऐकते तिचं ऐकणारं कुणी नसतं, असं आमच्या ट्रेनिंगच्या मॅडमही म्हणाल्या होत्या. आणि तालुक्यात त्याचं सर्टिफिकेट माझ्याशिवाय कुणाकडे नव्हतं. वहीतली तीन वाक्यं मी रात्री काढून वाचून आले होते.

घर लहान. बाहेर गल्लीत पुरुष बसलेले, बबन आणि डॉक्टर त्यांच्यात बसले. आतल्या खोलीत बायका. शेजारणी, नातेवाईक, आजूबाजूच्या केंद्रांतल्या नर्सेस, परिचर, दोन अंगणवाडीच्या बाया. मला वाटलं होतं त्याच्या चौपट गर्दी. भाभी भिंतीला टेकून बसल्या होत्या. आलेली प्रत्येक बाई त्यांच्याजवळ बसून रडत होती आणि भाभी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. कांबळे सिस्टर तर त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देत होती. ज्यांच्या घरी मयत झालं त्याच सगळ्यांना शांत करत होत्या.

मी दाराशीच उभी राहिले. म्हटलं, इथंही नंबर लागायचा नाही आपला.

तेवढ्यात भाभींनी वर बघितलं. कांबळेचं डोकं हलकेच बाजूला केलं, उठल्या आणि त्या सगळ्या बायकांमधून वाट काढत माझ्याकडे आल्या. माझा हात धरला. "बाई, जरा आत या," म्हणाल्या आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या.

तुम्हाला खोटं वाटेल, पण मरणाच्या घरात उभी राहून मला आनंद झाला. सगळ्या बघत होत्या. कांबळेसुद्धा.

मागे धान्याचे डबे आणि शिवायला आलेल्या कपड्यांचं एक गाठोडं होतं. आम्ही खाली बसलो. मी पदर सारखा केला आणि हळू आवाजात म्हणाले, "भाभी, तुम्हाला कसं वाटत असेल ते..."

"काय बोलू नका बाई," भाभी म्हणाल्या.

मी थांबले.

"भाईर सगळी आपलीच मानसं बसल्यात," त्या म्हणाल्या. "पन एकेकीचं तोंड बघितलं की मला तिचंच दुख आठवतंय. कांबळे सिस्टर आली की तिचं बाळ आठवतं. गल्लीत डाक्टर आल्यात म्हनं, त्यांचं नाव काढलं की त्यो साप चावल्याला पोरगा डोळ्याम्होरं येतो. तीन दिस झालं, माझा मानूस गेलाय आन् मला माझं रडू यीना."

त्यांनी मधलं गाठोडं जरा बाजूला सारलं.

"तुमच्याकडं बघितलं की काय सुदीक आठवत न्हाई," भाभी म्हणाल्या. "अकरा वर्सांत तुम्ही मला तुमचं एक अक्षर सांगितलं न्हाई. जरा तुमच्यापाशी बसते."

आणि त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

त्या पोरीच्या दुधाची गोष्ट माझ्या अगदी जिभेवर आली होती. मी ती गिळली. थोड्या वेळानं माझं खांद्यावरचं ब्लाउज ओलं झालं. आवाज काही आला नाही, नुसता त्यांचा श्वास लागत होता. माझ्या हाताला मुंग्या आल्या, पण मी हात हलवला नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पडदा जरा बाजूला झाला. कांबळे सिस्टर होती, जीप निघायची म्हणून बोलवायला आलेली. ती तशीच उभी राहिली. आधी भाभींकडे बघितलं, मग माझ्या खांद्याकडे, मग परत भाभींकडे. मग अगदी हळू विचारलं, "बाई, मी पण बसू का जरा?"

मी मानेनंच नाही म्हटलं.